चार बहिणींचा पिंजरा

बारकीने सोमवारी संध्याकाळी सांगितलं, की शनिवारी ती दादाकडे चालली आहे आणि यापुढे तिकडेच राहणार आहे. मी तिच्या खोलीच्या दारात उभी होते. मी म्हणाले, "बरं."

बरं! चौपन्न वर्षांची घोडी झाले, तोंड माझं असं की कामावर माणसं मला बघून बाजूला होतात, आणि सख्खी बहीण घर सोडून चालले म्हणाली तर मला सुचलं काय, तर बरं. मी स्वयंपाकघरात गेले, भाजी धुतली, तीच भाजी पुन्हा धुतली आणि नळ वाहता ठेवून त्याच्याकडे बघत उभी राहिले.

बारकी माझी धाकटी बहीण. कागदावर नाव तिचं चांगलं आहे, पण जन्मली तेव्हा दोन तळहातांत मावेल एवढीशी होती, म्हणून बारकी, ती आज सेहेचाळिशीतही बारकीच. आई गेल्यापासून या दोन खोल्यांत आम्ही दोघीच. ती घरी बसून कपडे शिवायची, मी कामावर जायचे. दादा आमच्याहून मोठा, गाडीने सहा तासांच्या अंतरावर राहतो. माणूस भला आहे, वहिनीही कधी वाकडं बोलली नाही. पण दोघं सकाळी कुलूप लावून जातात ते संध्याकाळीच परततात, आणि घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. बारकीला चार पायऱ्या चढताना गुडघ्यावर हात ठेवावा लागतो. तिचं हॉस्पिटल इथे, डॉक्टर इथे, जाडजूड फाईल इथे. तरी चालले म्हणते. का, ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही, कारण मला ते ठाऊक होतं. आठ महिने झाले, मी तिच्या अंगाला बोटसुद्धा लावलं नव्हतं.

हे नीट सांगायला हवं, नाहीतर तुम्ही मला दगड म्हणाल.

मी उंदीर सांभाळते. हसायचं असेल तर हसून घ्या, आमच्या नातेवाईकांत कोणी बाकी राहिलेलं नाही. एका मोठ्या संशोधन संस्थेचं प्राणिगृह आहे, तिथे बावीस वर्षं झाली मला. पिंजरे म्हणजे पारदर्शक प्लास्टिकचे डबे, वर जाळी, आत भुसा, घरटं करायला कागदाच्या पट्ट्या, उलटी लावलेली पाण्याची बाटली. डबे धुवायचे, वाफेच्या यंत्रात घालून निर्जंतुक करायचे, भुसा बदलायचा, प्रत्येकाचं वजन करून कार्डावर लिहायचं. सगळे मला मावशी म्हणतात. मोठ्या सरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांची मी मावशी, आणि सगळ्यांवर ओरडायचा हक्क मी कधीच मिळवून ठेवला आहे. बूट न बदलता आत आलेल्या सरांना मी बाहेर काढलं होतं, ते अजून सांगतात लोक.

आमच्याकडे एक नियम आहे, तो बाकी सगळ्या नियमांचा बाप. स्वच्छ खोल्या आधी, जंतूंची खोली शेवटी. सकाळी आंघोळ करून, कपडे बदलून, टोपी, मास्क, हातमोजे घालून आधी जायचं ते ज्या उंदरांना जन्मापासून कुठला आजार शिवलेला नाही त्यांच्याकडे. मग बाकीच्यांकडे. आणि सगळ्यांत शेवटी, ज्यांना मुद्दाम जंतू दिलेत त्यांच्याकडे. एकदा तिथे पाय टाकला की त्या दिवशी मागे फिरायचं नाही. त्या दिवशीच काय, पुढचे दोन दिवस स्वच्छ खोलीचं दार उघडायचं नाही. उलटी फेरी नाही, असं आम्ही म्हणतो. बावीस वर्षांत मी उलटी फेरी केलेली नाही. माझ्या हाडात मुरलाय तो नियम.

बारकीच्या बोटांचे सांधे सुजायला लागले पावणेदोन वर्षांपूर्वी. आधी वाटलं, मशीन फार चालवते. मग केस गळायला लागले, सारखा बारीक ताप, नाकावरून दोन्ही गालांवर लाल चट्टा. वर्षभर दहा दारं झिजवल्यावर एका डॉक्टरबाईंनी नाव सांगितलं: ल्युपस. अंगात शिरलेल्या जंतूंशी लढायला ज्या पेशी असतात, त्याच आपल्या माणसांवर उलटतात, सांध्यांना, कातडीला, मूत्रपिंडाला परकं समजून झोडपतात. त्यांना आवरायच्या गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांनी त्या पेशी मवाळ होतात, म्हणून डॉक्टरबाई म्हणाल्या, संसर्गापासून जपा हं हिला. मी मान डोलावली. आणि त्याच आठवड्यात आमच्या शेवटच्या खोलीत नवा प्रयोग लागला होता.

प्रयोग चष्मेवालीचा. ही आमची पीएचडी करणारी पोर, तिचा चष्मा एवढा मोठा की मास्क लावल्यावर चेहऱ्याचं काही शिल्लकच राहत नाही. तिच्यासाठी खास जातीचे उंदीर आले होते. दिसायला साधेच, पण वय झालं की त्यांना बारकीसारखाच आजार होतो, आणि बारकीसारखाच तो माद्यांना जास्त. पहिल्या दिवशी तिने मला समजावून सांगितलं. तिची एक ठरलेली गोष्ट आहे, पेशी म्हणजे सैनिक, शरीर म्हणजे देश. मी म्हटलं, सैनिक मी कधी बघितले नाहीत, मला वॉचमनच्या भाषेत सांग. ती हसली. मग म्हणाली, मावशी, असं समजा, एक वॉचमन आहे, तो घरच्या माणसांनाच काठीने बडवतो. मला हे शोधायचंय, की खरा चोर आला तर हा वॉचमन उठतो का, वेळेवर पोचतो का आणि पोचून चोराला धरतो का. म्हणून त्या उंदरांना शेपटीच्या शिरेतून थोडे जंतू द्यायचे, आणि पुढचे दिवस वजन, ताप, थेंबभर रक्त, सगळं बघत राहायचं. जंतूंची ती खोली सांभाळायला तिला माझ्याशिवाय दुसरं कोणी नको होतं. स्वच्छ खोल्या दुसऱ्यांकडे देऊन मी तीच एक घेतली, मला मोठा मान वाटला. बारकीचं मी तिला तेव्हा काही सांगितलं नाही.

घरी येताना बसमध्ये माझ्या डोक्यात चक्र सुरू झालं. मी रोज जंतूंच्या खोलीतून निघते आणि कुठे जाते? बारकीकडे. म्हणजे मी रोज उलटी फेरी करते.

झालं. त्या दिवसापासून माझ्या घरात दोन खोल्या झाल्या, एक स्वच्छ, एक मी. सकाळी कामावर जाण्याआधी मी बारकीची खोली पुसायचे, तिचं पाणी, जेवण, गोळ्या तिच्या टेबलावर ठेवायचे, तेही नाकाला फडकं बांधून आणि तिच्यापासून हात राखून. संध्याकाळी आल्यावर तिच्या खोलीत पाऊल टाकायचे नाही. दारातून बोलायचे. माझं अंथरूण मी स्वयंपाकघरात आणलं. चाळीस वर्षं एका खोलीत झोपलेल्या आम्ही. तिची ताटं, तिचे पेले वेगळे केले. सुट्टीच्या दिवशी तरी जवळ बसावं, तर दोन दिवसांचा नियम आडवा यायचा, आणि दोन दिवस सलग सुट्टी मला बावीस वर्षांत मिळालेली नाही. प्रयोगात जंतू आहेत हे मी तिला सांगितलंच नाही. आधीच ती घाबरलेली, वर आणखी कशाला घाबरवायचं? म्हटलं, प्रयोग काय, संपेल चार महिन्यांत. तो लांबला आठ महिने.

आणि विचारलं का नाही कोणाला? तोंडाला कुलूप का लावलं? सांगते. कारण मला उत्तराची भीती होती. समजा कोणी म्हणालं असतं, हो, धोका आहे, तर मला ती नोकरी सोडावी लागली असती. बारकीचा औषधोपचार माझ्या नोकरीतूनच होतो. आणि खोटं कशाला बोलू, उंदीर सोडून मला दुसरं काही येतही नाही. म्हणून मी मूग गिळून बसले आणि दारात उभी राहिले.

बारकी सुरुवातीला म्हणायची, ताई, ये ना आत, बस. मग म्हणेनाशी झाली. गालांवरचा चट्टा वाढला तसं तिने आरशावर टॉवेल टाकला. शिवणाच्या मशीनवर चादर टाकली. मी दारातून विचारायचे, कसं वाटतंय? ती म्हणायची, ठीक. संपलं बोलणं. दुष्ट मी नाही, पण त्या आठ महिन्यांत तिला तरी तसं वाटलं असेल यात नवल नाही.

तर सोमवारी तिने ते सांगितलं. मंगळवारी मी कामावर गेले तेव्हा माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

शेवटच्या खोलीत मांडणीवर डावीकडे तिसरा एक पिंजरा होता, त्यात चौघी. एकाच वेताच्या, सख्ख्या बहिणी. ओळखीसाठी कानाला खाच पाडतात आमच्याकडे, एकीच्या डाव्या, एकीच्या उजव्या, एकीच्या दोन्ही, आणि चौथीला काही नाही. दोन्ही कानांना खाच असलेलीला मी दोनकानी म्हणायचे. आदल्या आठवड्यात चौघींना जंतू दिले होते. तिघी बऱ्यापैकी होत्या. दोनकानीचं वजन उतरत चाललं होतं, केस विस्कटलेले, डोळे अर्धे मिटलेले. चौघी कागदाच्या पट्ट्या ओढून कोपऱ्यात एकच घरटं करायच्या आणि एकमेकींच्या अंगावर पडून झोपायच्या, त्यात दोनकानी सगळ्यांत खाली.

बुधवारी दुपारी मी काय केलं, तर तिला उचललं आणि वेगळ्या पिंजऱ्यात ठेवलं. नवा भुसा, दुप्पट कागद, पाण्यात भिजवलेलं मऊ खाणं, सगळं दिलं. कार्डावर लिहिलं, वेगळी केली. कोणाला विचारलं नाही. प्रयोग चालू असताना पिंजरा बदलायचा नाही, हे मीच नव्या लोकांना पहिल्या दिवशी शिकवते, आवाज चढवून. पण तेव्हा मला एवढंच दिसत होतं, की ही आजारी आहे आणि हिला बाकीच्यांपासून दूर ठेवायला हवं. वेगळं करून घरी निघाले तेव्हा मला बरंसुद्धा वाटलं.

गुरुवारी सकाळी चष्मेवाली माझ्या आधी शेवटच्या खोलीत पोचली होती. मी गेले तर ती नव्या पिंजऱ्यापुढे उभी. दोनकानी कागदाच्या ढिगाच्या बाहेर, उघड्या भुशावर, गोळा होऊन पडलेली. कागदाला तोंड लावलेलं नव्हतं, मऊ खाणं तसंच वाळून गेलेलं. चष्मेवालीने तापमान घेतलं होतं. फार उतरलं होतं. अंग गार.

ती माझ्यावर कधी चढ्या आवाजात बोललेली नाही. त्या दिवशीही बोलली नाही, तेच वाईट. म्हणाली, "मावशी, चौघींनाही तेच जंतू दिलेत. मग कोणाला कोणापासून वाचवत होतात तुम्ही?"

मला तोंडात मारल्यासारखं झालं. अहो, मला काय हे माहीत नव्हतं? सुया भरून मीच तिच्या हातात दिल्या होत्या. एवढा गाढवपणा मी बावीस वर्षांत केला नव्हता. ती सांगत होती, हळू आवाजात, की एवढ्याशा जिवाला आजारपणात स्वतःची ऊब टिकवता येत नाही, ती बहिणींच्या अंगातून मिळते. अंग गार पडलं की त्या पेशींचंही काम मंदावतं. आणि आता दोनकानीचे आकडे तिला प्रयोगात धरता येणार नाहीत, कारण ती जंतूंमुळे खचली की एकटी पडल्यामुळे, ते कसं सांगणार? आठ महिन्यांच्या कामातला एक उंदीर माझ्यामुळे खोडला जाणार होता.

तिने दोनकानीला ओंजळीत घेतलं आणि परत चौघींच्या पिंजऱ्यात सोडलं. मला वाटलं, तिघी आता हिला हुंगून बाजूला सारतील. त्या आल्या, हुंगलं, एक तिच्या पाठीवरून चढून पलीकडे गेली, दुसरी तिच्या बगलेत घुसली, आणि थोड्याच वेळात दोनकानी दिसेनाशी झाली. वर सगळ्या पांढऱ्या पाठी. मी बघत होते आणि माझ्या मास्कच्या आत नाक वाहायला लागलं. जंतूंच्या खोलीत मास्क काढता येत नाही. तसंच वाहू दिलं.

चष्मेवालीने विचारलं, काय झालंय मावशी? तुम्ही असं कधी करत नाही. आणि मी, जी आठ महिने बोलले नव्हते, तिथे उभ्या उभ्या सगळं ओकले. बारकी, ल्युपस, गोळ्या, दोन खोल्या, उलटी फेरी, शनिवार.  ती म्हणाली, चला बाहेर.

कपडे बदलून, हात धुऊन आम्ही तिच्या प्रयोगशाळेत गेलो. तिने मला सूक्ष्मदर्शकापुढच्या स्टुलावर बसवलं आणि एक काच लावली. दोनकानीच्या रक्ताचा थेंब, सोमवारी घेतलेला, जांभळ्या रंगात रंगवलेला. आधी मला माझ्याच पापण्या दिसल्या. मग दिसली ती पेशी, तो वॉचमन. पोटात तिच्या स्वतःच्याच केंद्रकाचे जांभळे तुकडे, एकमेकांना चिकटलेले, आणि त्यांच्या बाजूला बारीक गोल ठिपके, पाच की सहा. ते ठिपके म्हणजे गिळलेले जंतू, असं चष्मेवालीने सांगितलं.

"खाल्लं की गं हिने," मी म्हणाले.

"खाल्लं ना. धावत गेली, पोचली, खाल्लं. जरा हळू खाते, आणि शेजारची अजून उपाशीच आहे बघा, पण मावशी, प्रयत्न करतायत त्या." हे फक्त या उंदरांचं, माणसांचं यावरून ठरवायचं नाही, अजून तिचंच मोजून संपलेलं नाही, असंही तिने बजावलं. ती पोर खोटा धीर देणारी नाही. मी पुन्हा डोळा लावला. त्या घरच्यांना बडवणाऱ्या वॉचमनवर आठ महिने माझ्या डोक्यात तिडीक होती. आता ते जांभळं बघून कसंतरीच झालं. बारकीच्या अंगातही असंच कोणी धडपडत असेल, गोळ्या खाऊन अर्धवट झोपेत.

मग तिने उलट्या फेरीचं सांगितलं. तो नियम बारकीसाठी नाहीच. तो आहे अशा उंदरांसाठी, ज्यांनी जन्मात एक जंतू बघितलेला नाही, ज्यांचं पाणीसुद्धा उकळून जातं. बारकी सेहेचाळीस वर्षं जंतूंतच राहिली आहे. आपण वापरतो ते जंतू कितीतरी धडधाकट माणसांच्या नाकात, कातडीवर मजेत राहतात, म्हणाली, तुमच्या असतील, माझ्या असतील. तुम्ही गाऊन, हातमोजे घालता, निघताना आंघोळ करता, कपडे इथे टाकून जाता. या संस्थेत तुमच्याइतके हात कोणी धूत नाही. मग तिने विचारलं, तिच्या डॉक्टरांनी सांगितलंय का हात लावू नका म्हणून? मी म्हटलं, नाही. तुम्ही विचारलंत? मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, मी उंदरांची आहे, माणसांचं त्यांनाच विचारा, आणि फोन माझ्या पुढ्यात ठेवला.

हॉस्पिटलच्या नर्सबाईंनी फोन घेतला. मी अडखळत सगळं सांगितलं, संस्था, खोली, जंतू, काही लपवलं नाही. त्या म्हणाल्या, थांबा, डॉक्टरांना विचारते. ती दोन मिनिटं मी कशी काढली ते माझं मला माहीत. नोकरी गेली तर गेली, असं मनाशी म्हणून मोकळी झाले. नर्सबाई परत आल्या. घरी आल्यावर हात धुवा, सर्दी-खोकला असेल, हाताला जखम असेल तर लांब राहा, तिला ताप आला तर वाट न बघता घेऊन या. बाकी काही नाही. मी विचारलं, जवळ बसू? त्या म्हणाल्या, बसा की. मी विचारलं, एका खोलीत झोपू? त्या म्हणाल्या, अहो बाई, झोपा. मी विचारलं, हात लावू?  त्यांनी विचारलं, किती दिवस नाही लावलात?

मी फोन ठेवला. चष्मेवालीने मला सुट्टी घ्यायला लावली. वजनं मी करते, म्हणाली. जाताना मी तिला म्हटलं, तुझा एक उंदीर घालवला मी. ती म्हणाली, हो, घालवलात, आणि चष्मा पुसत बसली.

घरी पोचले तेव्हा तीन वाजले असतील. बारकीच्या खोलीचं दार उघडं होतं. ती पलंगावर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती, बॅग समोर उघडी. मी हात धुतले. कोपरापर्यंत धुतले, सवयच ती. मग तिच्या दारात आले, आणि तिथे पाय अडला. खरंच सांगते, त्या फरशीवर पाय टाकताना मला दरदरून घाम फुटला. टाकला. चार पावलं चालून मी तिच्या पलंगावर, बॅगच्या शेजारी बसले.

बारकी घडी घालायची थांबली. मी बसले त्या जागेकडे बघत राहिली. मी ठरवून आले होते की शांतपणे सगळं सांगायचं. आणि तोंडातून निघालं काय, तर, एवढे लोकरीचे कपडे कशाला घेतेस, दादाकडे काय बर्फ पडतो? असं म्हणून मी बॅगेतले कपडे उपसायला लागले. शिवणारणीची बॅग ती, इंचाइंचाने लावलेली. मी तिची वाट लावली. एक स्वेटर काढला, दुसरा काढला, चादर काढली. चादरीच्या खाली आंघोळीचा ब्रश होता, लांब दांड्याचा, पाठ घासायचा. त्याच्या टोकाला जुन्या मऊ कापडाच्या चिंध्या गुंडाळून वर दोऱ्याने शिवून टाकलेल्या. चिंध्या मलमाने पिवळ्या पडल्या होत्या.

मी विचारलं, हे काय आहे?

बारकीने तो माझ्या हातातून घ्यायला बघितलं. मी दिला नाही. मग ती खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "पाठीला हात पोचत नाही ना माझा."

तिच्या पाठीवरही चट्टे आले होते. डॉक्टरबाईंनी मलम दिलं होतं, दिवसातून दोनदा. ते कसं लागतं, कोण लावतं, हे मी आठ महिन्यांत एकदाही विचारलं नव्हतं. तिचे खांदे दुखतात, हात मागे वळत नाहीत. तिने त्या सुजलेल्या बोटांनी सुई धरून हा ब्रश शिवला होता.

मग मी सांगितलं. रडत सांगितलं, धड वाक्यं नव्हती. जंतूंची खोली, दोन दिवसांचा नियम, वॉचमन, नर्सबाई. बारकी ऐकत होती. तिचा चेहरा आधी कोरा झाला, मग त्या लाल चट्ट्याच्या खालीसुद्धा आणखी लाल झाला. मला वाटलं, आता ती माझ्या गळ्यात पडेल. कसली पडते! एवढी चिडलेली मी तिला लहानपणी, मी तिची बाहुली विहिरीत टाकली होती, तेव्हाच बघितली होती.

"आठ महिने, ताई. मला वाटलं तुला माझी शिसारी येते."

 ती म्हणाली, ती रोज मला दारात बघायची आणि गालावरून ओढणी घ्यायची, मला दिसू नये म्हणून. दादाला तिने स्वतः फोन केला होता, कारण मी कामावरून दमून यायचे आणि घरात शिरताना माझं तोंड बघवत नसायचं. एक शब्द बोलली असतीस, म्हणाली. एक शब्द. मी म्हटलं, भीती वाटली. कसली? मी म्हटलं, मीच तुला मारीन याची.

 बारकीने मलमाची ट्यूब उशीखालून काढली, माझ्या मांडीवर टाकली आणि माझ्याकडे पाठ करून बसली. झगा तिला पाठीवरून वर घेता येईना. मी घेतला. पुढून तिचं बोलणं चालूच होतं, रागातच. दादाला काय सांगायचं ते तूच सांग, वहिनीने माझ्यासाठी कपाट रिकामं केलंय, मी नाही त्यांच्या तोंडाला लागणार, तिकीट रद्द करायचं तेही तूच कर. मी हं हं म्हणत होते. माझं लक्ष तिच्या पाठीकडे होतं. खांद्यांवर, कमरेवर मलम पोचलेलं दिसत होतं, तिथली कातडी बरी होती. पण खांद्यांच्या दोन पात्यांमधे, जिथे तो ब्रशही वळत नसणार, तिथे तळहाताएवढी जागा होती, कोरडी, जाड, भेगा पडलेली. कोणीच पोचलं नव्हतं तिथे.

मी मलम हातावर घेतलं, चोळून ऊब आणली आणि तळवा त्या जागेवर टेकवला. तिची पाठ दचकली.

"केवढे खरखरीत झालेत गं हात तुझे," ती म्हणाली.

दिवसातून पन्नास वेळा औषधाच्या पाण्यात घातलेले हात, होणारच. तिला टोचलं असेल म्हणून मी तळवा झटकन उचलायला गेले.

"राहू दे," बारकी म्हणाली. "तिथेच खाजत होतं, आठ महिने."